मुंबईच्या ऑफिसला हो म्हणण्याआधी

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला गेलो की तिसऱ्या वाक्याला आपलं वाजतं आणि तुझ्या आईला मध्ये पडावं लागतं, म्हणून लिहून पाठवतोय. आधी वाच, मग भांड.

मुंबईच्या त्या वकिलांच्या ऑफिसचा इंटर्नशिपचा मेल नीट वाचला. मेच्या मध्यापासून तीन महिने, सकाळी साडेनऊ ते काम संपेपर्यंत, स्टायपेंड नाही, शेवटी सर्टिफिकेट. त्यातलं 'काम संपेपर्यंत' मला जास्त खटकलं. वकिलाच्या ऑफिसातलं काम संपलेलं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

पैसे देत नाहीत म्हणून माझा नकार आहे असं समजू नकोस. कोर्टात जी पोरं शिकली ती बहुतेक फुकटच शिकली. आपल्या सांगलीच्या कोर्टात, विजयनगरला, सीनिअरच्या मागं बॅग घेऊन फिरणाऱ्या ज्युनिअरला सनद मिळाल्यावरसुद्धा महिन्याकाठी काय सुटतं, ते तुला माहीत आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं, की शहरात ज्युनिअरला किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत. पण ती पडली शिफारस. आमच्या बाररूममध्ये त्यावर एक चहा झाला आणि विषय संपला. शिवाय ते ज्युनिअरपुरतं, इंटर्नचं त्यात काही नाही. तेव्हा सांगलीचा दिवाणी वकील तुला स्टायपेंड देईल अशी आशा मी धरत नाही. पण आर्बिट्रेशनच्या, म्हणजे लवादाच्या, एका बैठकीला आपल्या घराच्या वर्षाच्या किराण्याएवढी फी लावणारं फोर्टातलं ऑफिस जेव्हा 'देत नाही' म्हणतं, तेव्हा मला विचारावंसं वाटतं, का बुवा?

असो. खरा प्रश्न, ते तुझ्याकडून काय करून घेणार हा आहे. मेलमध्ये त्यांनीच लिहिलंय: फायलिंग, कम्पायलेशन, पेजिनेशन. अगं, हे माझं काम आहे, वकिलाच्या कारकुनाचं. पानांना नंबर घालायचे, अनुक्रमणिका लावायची, झेरॉक्सवर खऱ्या प्रतीचे शिक्के मारायचे, वकीलपत्राला कोर्ट फीचं तिकीट आहे का बघायचं, ई-फायलिंगला स्कॅन वाकडं आलं की परत करायचं, त्रुटी निघाली की या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचं. यात कमीपणा नाही. वकिलाला हे आलंच पाहिजे, नाहीतर युक्तिवादाच्या ऐनवेळी नेमकं हवं ते पान सापडत नाही. आमच्याकडं भले भले असे चाचपडताना बघितलेत. पण तुझ्यासारख्या मुलीला हे आठवड्याभरात येतं. पुढचे दोन-अडीच महिने तेच करायचं म्हणजे त्यांनी एक कारकून कमी ठेवलाय, एवढाच त्याचा अर्थ. मला या कामाचा पगार मिळतो. तुला का नाही?

आता दुसरी बाजू. मागं आमच्या साहेबांकडं वाळव्याकडचा एक मुलगा आला होता. त्यालाही दमडी मिळाली नाही. साहेबांनी पहिल्याच दिवशी त्याच्यापुढं वाटपाच्या दाव्याची फाईल टाकली. त्यात सातबारे, फेरफार, कुठलंसं जुनं बक्षीसपत्र. म्हणाले, तारखांची यादी कर. पोरगं दिवसभर खपलं. संध्याकाळी साहेबांनी लाल पेनानं निम्मी यादी खोडली आणि एका फेरफाराच्या वर्दीवर, म्हणजे नोंदीसाठी दिलेल्या अर्जावर, बोट ठेवलं. "हा माणूस वर्दीच्या आधीच वारलाय. तूच दोन ओळी वर लिहिलंयस. मग ही सही कुणाची?" पोराचं तोंड बघण्यासारखं झालं. यादी परत केली, तिसऱ्या दिवशी पुन्हा केली. पुढं निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, युक्तिवाद झाला तेव्हा साहेबांनी त्याला मागच्या खुर्चीवर बसवलं आणि परत येताना गाडीत विचारलं, समोरच्या वकिलाचा कुठला मुद्दा आपल्याला जड जाणार? बरोबर उत्तर आलं नाही ते सोड, पण विचारलं. साहेब असा रोज अर्धा तास त्याच्यासाठी काढायचे, आणि पक्षकाराकडून ते अशा अर्ध्या तासाचे पैसे घेतात. ते पोरगं फुकट राबलं असं मी म्हणणार नाही.

मुंबईत तुला असा अर्धा तास कोण देणार, हे मेलमध्ये कुठंच नाही. वरच्या साहेबांचं दर्शन आठवड्यातून एकदा लिफ्टमध्ये व्हायचं आणि कामं सांगणार तुझ्याहून दोनच वर्षांनी मोठा असोसिएट, जो स्वतःच झोपेविना फिरतोय.

खर्चाचंही लिहितो, राग मानू नकोस. मुंबईत बऱ्या ठिकाणी कॉट दहा-बारा हजारांच्या आत मिळत नाही, डिपॉझिट वेगळं, जेवणखाण, लोकल वेगळी. म्हणजे तीन महिने तुझा पगार मीच देणार, काम मात्र त्यांचं होणार. दादरला-पार्ल्याला घर आणि घरात वकील असलेल्या मुलांना हे सहज परवडतं, म्हणून अशा ऑफिसांत पुढं तीच दिसतात. त्या मुलांचा यात काही दोष नाही. पण 'ज्याला खरी आवड असते तो पैशाकडं बघत नाही' असं कुणी तुला ऐकवलं, तर त्याचं घरभाडं कोण भरतं ते आधी विचार.

बार कौन्सिलचा नियम तू माझ्याहून जास्त वाचलायस. पाच वर्षांच्या कोर्सला एकूण किमान २० आठवडे इंटर्नशिप हवी, पण एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. वर हजेरी ७० टक्के. मग तीन महिन्यांतले चार आठवडे तुझ्या डायरीत धरले जाणार आणि बाकीचे नुसते जाणार, तेही कॉलेज सुरू झाल्यावर वर्ग बुडवून. त्यात मेमध्ये हायकोर्टाला उन्हाळी सुट्टी. व्हेकेशन बेंचपुढं तातडीचं तेवढं चालतं. जे बघायला जाणार तेच बंद!

मुंबईचं काही खरं नाही असं मी म्हणत नाही. तिथल्या ओरिजिनल साईडचं, म्हणजे थेट हायकोर्टातच दाखल होणाऱ्या दाव्यांचं काम, कंपन्यांचे दावे आपल्याकडं बघायला मिळत नाहीत. चांगल्या चेंबरमध्ये चार आठवडे नीट काम केलं तर सीनिअरच्या लक्षात राहतं, पुढं ज्युनिअर घेताना आठवण निघते, हेही खरं. आणि तुला मुंबई बघायची आहे, हे मला कळत नाही असं नाही.

पण त्याच हायकोर्टाचं काम आता कोल्हापुरातही चालतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या इमारतीत सर्किट बेंच बसतंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी त्यासाठी किती वर्षं आंदोलनं केली ते तू लहानपणापासून ऐकत आलीस. पूर्वी आमच्या साहेबांचं अपील लागलं की रात्रीची गाडी पकडावी लागायची. आता सकाळी मिरजेत डबा भरून निघालं की अकराच्या आत कोर्टात. नियमाप्रमाणं तुला ट्रायल आणि अपील दोन्हीकडच्या वकिलांकडं एकदा तरी काम करायचंच आहे. ट्रायलचं सांगलीत होईल, अपिलाचं कोल्हापुरात. तिथं साहेबांच्या ओळखीचे एक वकील बसतात, त्यांच्याकडं कामाचा ढीग आहे आणि माणूस समजावून सांगणारा आहे. स्टायपेंड तेही देणार नाहीत, पण तू घरी राहशील.

आणि मुंबईला जायचंच ठरवलंस तर त्यांना मेल टाक, 'मी चार आठवडे येईन'. कुठल्या प्रकारच्या केसेसवर काम असेल, ड्राफ्ट कोण तपासणार, कोर्टात सोबत नेणार का, असं सरळ विचार. त्यापुढं थांबवायचं असेल तर निदान प्रवास आणि जेवणाचं द्या, म्हणावं. मागायला लाजू नकोस. मागितल्यावर जे ऑफिस रागावतं, तिथं संध्याकाळी सातनंतर काय परिस्थिती असते ते मला सांगायला नको. आणखी एक. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बिनपगारी माणसालाही लागू आहे. तक्रार समितीवर कोण आहे, ते पहिल्या आठवड्यातच बघून ठेव.

त्या चार आठवड्यांचे पैसे मी देईन, त्याची काळजी करू नकोस. त्यापुढचे देणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

रविवारपर्यंत काय ते कळव. सोमवारी साहेबांना कोल्हापूरच्या वकिलांना फोन करायला सांगतो, कारण तिथंही पोरं आत्तापासूनच विचारायला लागलीत.

तुझे,
बाबा