रक्तगुठळीच्या नोंदी तिन्ही जिल्ह्यांत एकसारख्या हव्यात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

१३ ऑक्टोबरला जागतिक थ्रॉम्बोसिस दिन असतो. पायाच्या खोल शिरेतली गुठळी, म्हणजे डीव्हीटी, आणि ती फुप्फुसात जाऊन अडकण्याचा धोका यांवर त्या सुमारास बरेच छापून येते. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेव्हा खान्देशातल्या रुग्णांचा एकत्र अभ्यास व्हावा, ही अपेक्षा रास्तच. पण जो तो आपापल्या फॉर्मवर नोंदी करणार असेल, तर त्या आकड्यांची बेरीज करण्यात अर्थ नाही.

डी-डायमरच घ्या, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात येणारा प्रथिनाचा तुकडा; गुठळीचा संशय आला की तो मोजतात. एक प्रयोगशाळा एफईयूमध्ये (फायब्रिनोजेनच्या हिशेबात) निकाल देते, दुसरी डीडीयूमध्ये (डी-डायमरच्याच हिशेबात), आणि एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट असतो. ३०० नॅनोग्रॅम प्रति मिली हा निकाल ५०० ची मर्यादा असलेल्या एफईयू किटवर सामान्य, तर २५० च्या आसपास मर्यादा असलेल्या डीडीयू किटवर वाढलेला. त्यात कुणी ०.५ मायक्रोग्रॅम लिहितो, कुणी ५०० नॅनोग्रॅम, दोन्ही एकच. आमचे म्हणणे असे, की फॉर्म भरणाऱ्याने रूपांतर करूच नये. रिपोर्टवर छापलेला आकडा, एकक, एफईयू की डीडीयू, किटचे नाव आणि त्या प्रयोगशाळेची वरची मर्यादा असे पाच रकाने जसेच्या तसे उतरवावेत. गणित विश्लेषणाच्या वेळी एकदाच करावे.

नमुन्याचेही तेच. गोठण्याच्या तपासण्यांसाठीच्या निळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारे ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असते, ०.३ मिलीला २.७ मिली रक्त लागते. नळी अर्धवट भरली की सायट्रेट जास्त होते, ते तपासणीच्या वेळी घातलेले कॅल्शियमही बांधून ठेवते आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा) उगाच वाढलेला दिसतो. नंदुरबारच्या सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीहून नमुना घाट उतरून येईपर्यंत मे महिन्यात काय तापतो, ते सांगायला नको. म्हणून कुणी तो बर्फात ठेवतो. हेतू चांगला, पण थंडीने रक्त गोठवणारा सातवा घटक सक्रिय होतो आणि निकाल पुन्हा बिघडतो. नमुना १८ ते २५ अंशांत हवा. एपीटीटीची (गोठण्याच्या वेळेची आणखी एक) तपासणी चार तासांत व्हावी. रुग्णाला साधे हेपरिन (गुठळी रोखणारे इंजेक्शन) चालू असेल तर तासाभरातच प्लाझ्मा, म्हणजे पेशींविना उरणारा द्रव, वेगळा करावा. रक्त घेतल्याची आणि सेंट्रीफ्यूज केल्याची (यंत्रात फिरवून प्लाझ्मा वेगळा केल्याची) वेळ फॉर्मवर नसेल तर असा बिघडलेला निकाल ओळखताच येत नाही.

डॉपलरच्या (शिरांच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टात ‘सुपरफिशियल फेमोरल व्हेन’ असे लिहिलेले असते. ही शीर खोल आहे. नाव वाचून संगणकात नोंद करणारा ऑपरेटर ‘वरवरची गुठळी’ असा कोड टाकतो आणि डीव्हीटीचा रुग्ण अभ्यासातून गळतो. ‘गुठळी आहे’ एवढ्यावर न थांबता शिरेचे नाव, बाजू, आणि गुठळी गुडघ्यामागच्या पॉप्लिटियल शिरेपर्यंत पोहोचली आहे की फक्त पोटरीत आहे, हे लिहावे.

सातपुड्यातल्या रुग्णांसाठी सिकलसेलचा (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचा) रकाना सक्तीचा हवा. सिकलसेलमध्ये गुठळीचा धोका वाढतो, शिवाय गुठळी नसतानाही डी-डायमर वाढलेला असू शकतो. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द इथे निरुपयोगी आहे. सोल्युबिलिटी या प्राथमिक चाचणीला वाहक आणि रुग्ण यांत फरक करता येत नाही; हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी झाली का, आणि एएस (वाहक) की एसएस (रुग्ण), ते नोंदवावे. गुठळीवरच्या औषधांनी रक्तस्राव होऊ शकतो. मोठ्या रक्तस्रावाच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत, दिसून आलेल्या रक्तस्रावासोबत हिमोग्लोबिन २ ग्रॅम किंवा जास्त उतरणे हा एक निकष आहे. सिकलसेलमध्ये ते पेशी फुटूनही उतरते. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वीचे हिमोग्लोबिन आणि रक्तस्रावाची जागा या दोन नोंदी नसतील, तर औषधाचा दुष्परिणाम कुठला आणि मूळ आजार कुठला, हे मागाहून कुणालाच ठरवता येणार नाही.

तारखांचा घोळ सर्वांत चिवट. शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण गुठळीच्या आधीच्या तीन महिन्यांत झाले का, यावर ‘कारण असलेली’ आणि ‘कारण नसलेली’ गुठळी ठरते. औषध किती काळ द्यायचे तेही बरेचसे त्यावरच. रुग्ण मात्र सांगतो, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी पाय सुजला, श्रावणातल्या कानबाईच्या वेळी दम लागायला लागला. यात त्याचे काही चुकत नाही. फॉर्मसोबत त्या वर्षीच्या सणांच्या तारखांचा तक्ता द्यावा आणि तारखेपुढे ‘नेमकी’, ‘फक्त महिना’ किंवा ‘अंदाज’ अशी खूण असावी. महिना अक्षरांत लिहावा, नाहीतर ०५/०६ चा मे होतो की जून, हे संगणक ठरवतो.

रिकामा रकाना म्हणजे ‘नाही’, असे धरणे ही आणखी एक खोड. हो, नाही, माहीत नाही, विचारले नाही, असे चार पर्याय छापलेले असावेत.

हे सगळे नव्याने शोधायची गरज नाही. थ्रॉम्बोसिस आणि हीमोस्टॅसिसच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएसटीएचने, शिरांतल्या गुठळ्यांच्या संशोधनासाठी समान नोंद-घटक, म्हणजे सगळीकडे सारखे रकाने, तयार केले आहेत. तिन्ही महाविद्यालयांनी ते घेऊन त्यात सिकलसेल आणि सणांचा तक्ता जोडावा, प्रश्न मराठीसोबत अहिराणी आणि पावरी या इथल्या बोलींतही लिहून घ्यावेत. मग प्रत्येक ठिकाणी पहिले वीस फॉर्म दोन जणांनी एकमेकांचे न पाहता भरावेत. ज्या रकान्यात दोघांची उत्तरे जुळणार नाहीत, तो प्रश्न दुरुस्त करून मगच नोंदणी सुरू करावी.

आपले,
वैद्यकीय संशोधनाच्या नोंदी ठेवणारे काही वाचक,
जळगाव