एका लाल ठिपक्यासाठी

तालुक्याच्या बाजारात ग्रासकटर आणि पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या काकांना,
सप्रेम नमस्कार.

काका, तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण यंदा वाडीचं सरपण आगोटीआधी कापून, फोडून पडवीत रचलं गेलं ते तुमच्यामुळे, आणि हे चारचौघांत सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सरपण कापायला चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, घ्यायला निघालो, तेव्हा "लाकूड कुठे कापणार, किती जाड, आणि वर्षातून किती दिवस?" हे तीन प्रश्न विचारणारे तुम्ही पहिलेच. आधीच्या दोन दुकानांत कुणी एक शब्द विचारला नाही. 58 सीसीचं, 22 इंची बारचं (बार म्हणजे जिच्यावरून दातांची चेन फिरते ती लांब पट्टी) पेट्रोल मशीन समोर ठेवलं आणि "मोठंच घ्या" म्हणून मोकळे झाले. बंबाला आणि चुलीला लागणारी काजू-आंब्याची लाकडं फार तर आठ-दहा इंच जाड. त्याला एवढा लांब बार म्हणजे हाताला ओझं, आणि बारचं टोक मागच्या लाकडाला टेकलं की मशीन उसळून अंगावर यायची भीती. पेट्रोलमध्ये ऑइल किती, हेही धड सांगितलं नाही. 25:1 म्हणजे लिटरला 40 मिली, 50:1 म्हणजे 20 मिली. माहितीपुस्तकात असेल तेच प्रमाण धरायचं, कमी पडलं तर पिस्टन जाम. शिवाय पावसाळाभर टाकीत तेच पेट्रोल राहिलं की कार्ब्युरेटर चोंदलाच.

तुम्ही सरळ म्हणालात, "लाकूड खळ्यात आणून कापता ना? मग विजेवरचं घ्या. 16 इंची बार, 2000 वॉट, पुष्कळ झालं." तुमच्याकडे विजेवरचं मशीन विकायला नव्हतंच. गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार हे दिसत असताना खरं ते सांगितलंत. वायरीचंही तुम्हीच बजावलंत: हे मशीन नऊ अँपिअरच्या आसपास ओढतं, त्याला घरातला 6 अँपिअरचा छोटा सॉकेट चालत नाही, 16 चा हवा. एक्स्टेन्शन 2.5 स्क्वेअर एमएम तांब्याची, आणि वेटोळं पूर्ण सोडून; गुंडाळलेली वायर तापते. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, मग मशीनचा जोर जातो आणि मोटर जळते. आणि वीज आहे म्हणून ऑइल नको असं नाही, चेनला ऑइल लागतंच. कोऱ्या पुठ्ठ्यासमोर टोक धरून चालवलं की ऑइलची रेघ उमटली पाहिजे.

पण सगळ्यात लक्षात राहिली ती पुढची गोष्ट. दुसरीकडून घेतलेलं तेच मशीन, चेन बोथट झाल्यावर, तुमच्यासमोर आणून ठेवलं. तुम्ही भुसा चिमटीत घेऊन दाखवलात: खपल्या पडायला हव्यात, हे पीठ पडतंय, म्हणजे धार गेली. मग घरातून नेलपॉलिशची बाटली मागवलीत आणि एका दातावर लाल ठिपका दिलात. "इथून सुरू करायचं, इथेच संपवायचं." चेनला 28 दात, 14 डावे, 14 उजवे. खूण नसली की काही दातांवर कानस दोनदा फिरते, काही तसेच राहतात, आणि लहानमोठ्या दातांची चेन लाकडात तिरकी शिरते. मार्करची खूण ऑइलने पुसते, नेलपॉलिश टिकतं, हे कुठल्या पुस्तकात सापडणार?

4 मिलीमीटरची गोल कानस, 30 अंशांचा कोन, आतून बाहेर तीनच हात, परतताना कानस उचलायची. आधी एका बाजूचे सगळे दात, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. हे तुम्ही तीनदा करून दाखवलंत, चौथ्यांदा कानस आमच्या हातात दिलीत आणि पैसे विचारल्यावर हात झटकलेत. दुकानासमोर दोन ग्रासकटरवाले ताटकळत होते, तरी घाई केली नाहीत. आपल्याला येतं ते दुसऱ्याच्या हाताला वळण लागेपर्यंत शिकवायचं, हा चांगुलपणा अजून बाजारात आहे, आणि तो दहा बाय दहाच्या गाळ्यात भेटला.

आता ऑइलची टाकी भरताना दरवेळी धार लावली जाते. परवा नवी चेन आली. बारवर चढवायच्या आधी तिच्या एका दातावर लाल ठिपका दिला.

आपली,
खालच्या वाडीतली मंडळी