थर्मोस्टॅट काढून गाडी थंड राहत नाही

संपादक महाशय, स.न.वि.वि.

मे महिना आला की सोलापुरात सात रस्त्यापासून होटगी रोडपर्यंत कुठल्यापण गॅरेजात जावा, एकच सल्ला, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप) काढून टाका, गाडी गरम होणार नाही. स्विफ्टमधलं जुनं के-सीरिज पेट्रोल इंजिन घ्या, हेड (सिलिंडरांवरचा वरचा भाग) ॲल्युमिनियमचं. इंजिन तसं दणकट, पण थर्मोस्टॅट काढला की ते लवकर तापतच नाही, ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन अजून थंडंय, मग तो पेट्रोल जास्त सोडतो आणि ॲव्हरेज पडतं.

खरं दुखणं पाण्याचं आहे. आपल्याकडं कूलंट संपलं की बोअरवेलचं पाणी ओततात, ते जड, आतून पांढरा थर धरतो, रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात, आणि तापमानाचा काटा वर गेला तरी माणूस तसाच अक्कलकोटपर्यंत गाडी दामटतो. मग हेड वाकतं, त्याच्याखालचं गॅस्केट (सांधा घट्ट ठेवणारी पट्टी) जातं आणि पाणी ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल कॅप उघडून बघा, आत दुधाळ चहासारखा फेस दिसला तर खर्चाची तयारी ठेवा! (ओळखीच्या एकाचं हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, गेलं, तेव्हा रेडिएटरच्या नळ्या खडूसारख्या भरलेल्या होत्या.)

बाकी दुखणी किरकोळ, इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) गेली की एक सिलिंडर मिस मारतो, टॅपेट कव्हरमधनं (हेडवरच्या झाकणातनं) ऑइल झिरपतं, थ्रॉटल बॉडीत (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागात) कार्बन बसतो.

तुमच्या पेपरात गाड्यांच्या नव्या मॉडेलांवर अर्धं पान येतं, त्यात कूलंटवर चार ओळी छापा की.

– एक वाचक, सोलापूर