अण्णा, रविवारी त्या बाँडवर सही करू नका

ती. अण्णा आणि आई,
सा. न.

फोनवर अण्णा दोन शब्द बोलतात आणि लगेच फोन आईकडं देतात, आणि आई तू रडायला लागलीस की माझं बोलायचं तसंच राहून जातं, म्हणून सगळं लिहून पाठवायलेय. बबल्याला सांगितलंय काकाला मोठ्यानं वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नको.

मेन गोष्ट आधी. अण्णांची मोटारसायकल रात्री ज्याच्या उसाच्या ट्रॉलीला धडकून पाय मोडला, त्या ट्रॅक्टरवाल्याकडचे लोक रविवारी पन्नास हजार आणि बाँड पेपर घेऊन येणार आहेत ना, 'भरपाई मिळाली, आता माझी कसलीच तक्रार नाही' असं लिहून घ्यायला, त्याच्यावर सही करू नका. कोऱ्या कागदावर तर अजिबातच नको. चहापाणी करा, नीट बसवा, आणि सांगा की पोरीला विचारल्याशिवाय काही ठरणार नाही. वाईटपणा माझ्यावर येऊ द्या. मी सासरी गेलेली, माझं कोण काय करणार.

अण्णा, तुम्ही म्हणालात की तो पाहुण्यातला माणूस, ट्रॅक्टरवर कर्ज, त्याच्याही घरी लेकरंबाळं, त्याच्या संसारातले पैसे घेऊन आपलं भलं व्हायचं नाही. तुमचा स्वभाव मला माहीत आहे म्हणून ह्या मुद्द्यावर जास्त लिहिते. आपण जो दावा टाकायचा म्हणतोय त्याचे पैसे इन्शुरन्स कंपनीकडून मागायचेत. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, त्यात प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी इन्शुरन्स कंपल्सरी केलाय तो ह्याच कामासाठी, की गाडीमुळं दुसऱ्याला काही झालं तर त्याला भरपाई मिळावी आणि गाडीवाला पण उघड्यावर पडू नये. तुम्ही तुमच्या स्प्लेंडरचा हप्ता भरता तसाच तो ट्रॅक्टरचा भरतो. मी त्याचा नंबर टाकून एमपरिवहन ॲपवर बघितलं, अपघाताच्या तारखेला इन्शुरन्स चालू होता. मग त्यानं पन्नास हजार उसने काढून तुम्हाला द्यायचे, तुम्ही सही द्यायची, आणि ज्या कंपनीनं हप्ता घेतला तिला एक रुपया लागायचा नाही, हे कुणाच्या भल्याचं आहे सांगा.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. पॉलिसी शेतीच्या कामाची आणि ऊस भाड्यानं वाहत होता, ट्रॉलीचा वेगळा इन्शुरन्स नव्हता, ड्रायव्हरकडं लायसन नव्हतं, असले मुद्दे कंपनीचे वकील काढतातच. अशा वेळी बऱ्याच केसमध्ये कोर्ट कंपनीला म्हणतं की आधी जखमीला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. म्हणजे त्याच्यावर अजिबात काही येणार नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण त्यासाठी तुम्ही तुमच्या हक्कावर पाणी सोडायचं का? ट्रॉलीला मागं लाल लाईट लावायला त्याला किती खर्च आला असता?

बबल्याच्या मित्रानं त्या रात्री काढलेला फोटो मी कितीदा झूम करून बघितलाय. ट्रॉलीचं मागचं फळकं, त्याच्यावर चिखल, उसाचे शेंडे खाली लोंबायलेत, आणि एक रिफ्लेक्टर नाही, लाईट नाही, साधं लाल फडकं सुद्धा बांधलेलं नाही. खाली तुमची दुधाची किटली चेपून पडलेली. मुरूडच्या रोडवर अंधारात असली ट्रॉली अर्धी रस्त्यात उभी असल्यावर कुणाला दिसणार हो. हंगामात कारखान्याच्या रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या अशाच आंधळ्या चालतात, दरवर्षी कुणी ना कुणी जातं, आणि नंतर गाव म्हणतं जाऊ द्या, झालं ते झालं.

हा फोटो बबल्याच्या मोबाईलमध्ये होता तसाच ठेवा, डिलीट करू नका. कारण कंपनी हेच म्हणणार की मोटारसायकलवाला मागून येऊन धडकला, त्याचीच चूक, हेल्मेट पण नव्हतं. कोर्टाला वाटलं दोघांची चूक आहे तर ते तुमच्या वाट्याची टक्केवारी काढून तेवढे पैसे कापतं. हेल्मेट नव्हतं एवढ्यावर पाय मोडल्याची भरपाई काही बुडत नाही, पायाला हेल्मेट नसतं. पण ट्रॉली कशी आणि कुठं उभी होती हे दाखवायला हा फोटो, पोलिसांचा पंचनामा आणि फोटो काढणाऱ्या त्या पोराची साक्ष, हीच आपली बाजू. आणि बाँडमध्ये कुणी हळूच 'मी भरधाव होतो' असं एक वाक्य घुसवलं की तोच कागद कंपनीचा वकील कोर्टात तुमच्यासमोर धरणार.

आता पैशाचं. पन्नास हजार ऐकून आई तुला बरं वाटलं असंल, दवाखान्याची उधारी आहे, पाटल्या गहाण आहेत, मला सगळं माहीत आहे. पण बघ. हाड मोडलं की कायद्यात ती गंभीर दुखापत धरतात. गंभीर दुखापतीला चूक कुणाची हे सिद्ध न करताच मिळणारी रक्कम २०२२ पासून अडीच लाख आहे, कलम १६४. ती घेतली तर तेवढ्यावरच थांबावं लागतं, म्हणून वकील म्हणतात कलम १६६ खाली पूर्ण दावा टाकू. त्यात दवाखान्याचा आणि औषधाचा खर्च, जायचं-यायचं भाडं, जेवढे दिवस अण्णा पलंगावर होते तेवढ्या दिवसाचं बुडालेलं उत्पन्न, वेदना, पुढं रॉड काढायच्या ऑपरेशनचा खर्च, आणि कायमचं जे अपंगत्व राहील त्यामुळं पुढच्या कमाईला बसणारा फटका, हे सगळं येतं. सोबत राहणाऱ्या माणसाचं पण धरतात, घरचं माणूस असलं तरी. आई, तू रात्र-रात्र त्या लोखंडी स्टुलावर बसलीस त्याची कुणीतरी किंमत करावी असं मला फार वाटतं.

हिशोब कसा लावतात ते वकिलांनी समजावलं, मी अंदाजी आकडे घेऊन मांडते. समजा कोर्टानं अण्णांचं उत्पन्न महिना १२,००० धरलं, तर वर्षाचे १,४४,०००. ५० ते ६० वयाच्या स्वतःचा धंदा करणाऱ्याला पुढच्या वाढीचे १० टक्के मिळवतात (प्रणय सेठी निकाल, २०१७), झाले १,५८,४००. कामावर २० टक्के परिणाम धरला तर ३१,६८०. आणि ५१ ते ५५ वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्यानं गुणतात तो आकडा, ११ आहे (सरला वर्मा निकाल, २००९), म्हणजे ३,४८,४८०. हे फक्त कमाईच्या नुकसानीचं, बाकीचं वेगळं. आणि अर्ज टाकल्यापासून व्याज पण देतात.

त्यातलं ते २० टक्के महत्त्वाचं आहे. सुप्रीम कोर्टानं राज कुमार वि. अजय कुमार (२०११) मध्ये सांगितलंय की सर्टिफिकेटवर पायाचं किती टक्के लिहिलंय तेवढं बघून भागत नाही, त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते बघायचं. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याचा पाय आणि अण्णांचा पाय एक नाही. अण्णा, मी दिवाळीपर्यंतचं तुमचं काम बघितलंय, रात्री लाईट आली की उठून मोटार चालू करायला जाणं, बांधावरून डोक्यावर वैरण आणणं, उकिडवं बसून दोन म्हशी पिळणं. आता तुम्ही भिंतीला टेकून पाय लांब करून जेवता आणि उठताना आईचा खांदा धरता. साक्षीच्या वेळी हेच सांगायचंय, जसंच्या तसं. 'बरंय आता, होतंय' असं म्हणू नका. तुम्ही दवाखान्यात पण डॉक्टरला हेच म्हणत होता.

उत्पन्नाचं काय दाखवायचं ही तुमची काळजी. शेतकऱ्याकडं कुठली पगाराची स्लिप. सातबारा, लातूर मार्केट यार्डातल्या सोयाबीनच्या पट्ट्या, डेअरीची दुधाची बिलं, बँक पासबुक, हे सगळं चालतं. वकील म्हणाले जमीन तर आहे तिथंच आहे असं कंपनी म्हणणार, म्हणून अपघातानंतर सालगडी ठेवला, फवारणीला मजूर लावले, त्याच्या मजुरीचा हिशोब दाखवायचा. आई, तू कॅलेंडरवर जे लिहून ठेवतेस ना कुणाला किती दिले, ते कॅलेंडर फेकू नको.

घाई कशाची तर मुदतीची. अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा टाका असं कायद्यात आलंय, पूर्वी असं नव्हतं, त्यामुळं गावात जे सांगतात ना की कधी पण टाकता येतं, ते जुनं झालं. दत्तजयंतीनंतर लगेचचा अपघात, म्हणजे आपल्याला मृग लागायच्या आत टाकायचाय, आणि एकदा पेरणीची गडबड सुरू झाली की तुम्ही ऐकणार नाही. दावा आपल्या लातूरलाच पडतो, माणूस जिथं राहतो तिथं टाकता येतो. प्रत्येक तारखेला तुम्हाला जायची गरज नसते, साक्ष आणि उलटतपासणीला जावं लागंल, तेव्हा मी सुट्टी काढून येते.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि वेळ लागतो हे खरंच आहे, दोन-चार वर्षं पण जातात. मधे कंपनी तयार झाली तर लोकअदालतीत मिटवता येतं, फक्त तिथं मिटलं की पुढं अपील नाही, म्हणून अपंगत्वाचं सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय तिथं पण हो म्हणायचं नाही. आणि हे बोलणं कंपनीशी, जजसमोर, कागदावर. पारावर बसून नाही.

वकिलाचं पण सांगते. दवाखान्याच्या गेटवर जो माणूस 'तीस टक्के द्या, सगळं बघतो' म्हणून कार्ड देऊन गेला त्याला फोन करू नका. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवणं वकिलांच्या नियमातच बसत नाही. आपले वकील फी ठरवून घेणार आहेत. आणि पैशाची अडचण आलीच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोर्टातच आहे, तिथं विचारू. भरपाई तुमच्याच खात्यात येणार, कुणाच्या हाती कोरा चेक द्यायचा नाही.

पोलीस ठाण्यातला तो जमादार बबल्याला 'आपसात मिटवा, कशाला लफडं' म्हणाला याचा मला लई राग आलाय. एफआयआर झालाय, त्याची कॉपी फुकट मिळते, ती मागायची. पंचनामा, ट्रॅक्टरची आरसी, पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन याच्या नकला वकील अर्ज देऊन काढतील. मुळात पोलिसांनी अपघाताचा पहिला रिपोर्ट ४८ तासांत न्यायाधिकरणाला, म्हणजे असले दावे चालतात त्या कोर्टाला, कळवायचा नियम आहे, तो गेला का ते पण विचारणार आहोत.

मी शनिवारी सकाळच्या गाडीनं लातूरला उतरते. तोपर्यंत बबल्यानं एवढं करावं: डिस्चार्ज कार्ड, सगळी एक्सरेची पाकिटं, मेडिकलच्या पावत्या (चुरगळलेल्या पण), आधार, पासबुक, सातबारा, अण्णांचं लायसन, सगळं एका पिशवीत. पावत्या पिठाच्या डब्यामागं ठेवल्यात असं आई म्हणाली होती, तिथल्या पण काढा. सोमवारी वकिलांकडं जाऊ आणि येताना सिव्हिलमध्ये अपंगत्वाच्या बोर्डाचा वार कोणता ते विचारून घेऊ. रविवारी ते लोक येतील तेव्हा मी घरीच असंन, मी बोलते त्यांच्याशी.

तुमची,
माई