बाबा, गाळा अजून भाड्यानंच असू दे

प्रिय आई-बाबा,

परवा फोन कट झाला त्याचा राग मानू नका, इथं मलावीत लाईट गेली की टॉवरपण झोपतो. पण बाबा, तुमचा प्रश्न ऐकू आला होता, "राजारामपुरीतला गाळा अजून किती वर्षं भाड्यानं द्यायचा?" खरं सांगू, उत्तर नव्हतं म्हणून मीच परत फोन लावला नाही.

त्याच दिवशी वॉर्डात दोन वर्षांचा पोरगा आला. गाल वर आलेले, पाय गुबगुबीत, आपल्या गल्लीत कुणी आणला असता तर आई तूच म्हणाली असतीस, बघ की बाळसं कसं धरलंय. मी पावलावर अंगठा दाबून काढला तर खड्डा तसाच, मळलेल्या कणकेत बोट रुतवल्यासारखा. सगळी सूज. केस तांबूस नि विरळ, आणि खायला दिलं की तोंड फिरवायचा. क्वाशिओरकोर, म्हणजे अंगावर सूज आणणारं कुपोषण. घानातल्या गा भाषेतला शब्द आहे, धाकटं आलं नि आईचं दूध सुटलं की थोरल्याला होणारा आजार, तिथल्या आयांचाच शब्द सिसली विल्यम्स ह्या डॉक्टरबाईंनी १९३५ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आणला. ह्याच्या आईच्या पाठीलापण तान्हं बांधलेलं होतंच. घरात मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, न्सीमा म्हणतात, दोन्ही वेळ तोच, आणि नवा मका यायच्या आधी जानेवारी-फेब्रुवारीत तोपण पुरत नाही.

आता आई तू म्हणशील, म्हशीचं दूध पाज की तांब्याभर. तसलं एकदम दिलं तर हार्टला झेपत नाही गं, पोर हातचं जातं. म्हणून पहिले काही दिवस एफ-७५ नावाचं पातळ दूध, १०० मिलीला फक्त ७५ कॅलरी, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. लोहाचं औषधपण लगेच नाही. आणि गंमत बघा, पोरगं सुधारायला लागलं की वजन घटतं, कारण सूज उतरते. चौथ्या दिवशी काटा बघून ती बाई पोराला पाठीशी मारून घरी निघालीच होती, हातापाया पडून थांबवली. सहाव्या दिवशी पायाची हाडं दिसायला लागली आणि पठ्ठ्यानं माझ्या हातातला कप ओढला, अर्धा सांडला, उरलेला प्यायला.

तर बाबा, गाळा अजून दोन वर्षं द्या भाड्यानं. तिथं माझ्या दवाखान्याच्या, माझ्या नावाच्या पाटीची तुम्हाला किती हौस आहे ते माहिताय मला, मेळघाटात होते तेव्हापासून ऐकतेय.

आई, तुझ्या लोहाच्या गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात तशाच पडल्यात असं दादा म्हणाला. घे, आणि चहाबरोबर घेऊ नको, चहानं लोह अंगी लागत नाही, लिंबू-पाण्याबरोबर घे.

गौरी-गणपतीला येते. बाबा, एकदा गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला न्यायचं, बाकीच्यांना मी उकळूनच प्या म्हणून सांगते ते सोडा.

तुमची,
ताई