ओपीडीत औषध मिळते, पण शिकवणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयातून मी परिचारिका म्हणून निवृत्त झाले. मधुमेहाच्या ओपीडीत एक वाक्य सतत कानावर पडायचे : ‘साखर वाढलीय, पथ्य पाळत नाही वाटतं!’ रुग्ण मान खाली घालतो, केसपेपरवर गोळी वाढते, पुढचा नंबर पुकारला जातो. ती गर्दी पाहिलेली असल्याने डॉक्टरांना दोष देववत नाही. पण एरवी हा आजार रुग्णालाच घरी सांभाळायचा असतो आणि तो कसा, हे त्याला कोणी करून दाखवत नाही.

आमच्या चाळीतल्या एका काकूंना इन्सुलिन सुरू झाले. बाटली ४० युनिटची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. दुकानातून सिरिंज मात्र आली मिलिलिटरला १०० युनिटच्या इन्सुलिनसाठीची, केशरी टोपणाची. तिच्यावर २० च्या खुणेपर्यंत भरले तर अंगात जातात फक्त ८ युनिट. साखर उतरेना आणि बोलणी काकूंनाच! डॉक्टरांच्या कानावर घालून ४० युनिटची, लाल टोपणाची सिरिंज आणली आणि काकूंच्याच हाताने भरून घेतली.

मग जेवणाचे. भात बंद म्हटले की कोकणातला माणूस तिथेच हात टेकतो. आम्ही जेवणाआधी आणि दोन तासांनी साखर मोजली. दुसऱ्या दिवशी भात निम्मा, मुगाची उसळ जास्त, आणि पुन्हा मोजली. फरक काकूंनी स्वतः वाचला. तेव्हापासून वही त्या आपणहून लिहितात, ओपीडीत प्रश्न विचारतात. साखर ७० च्या खाली गेली तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हे अंगवळणी पडल्यावर विरारला लेकीकडे लोकलने एकट्या जाऊ लागल्या.

दम्याचा पंप, घरचे बीपीचे मशीन यांचेही हेच. महापालिकेने केईएम, सायन, नायर, कूपर आणि ‘आपला दवाखाना’ येथे यासाठी एक टेबल आणि एक परिचारिका द्यावी. घरी जाण्याआधी रुग्णाने सिरिंज भरून, पंप ओढून दाखवावा. काय ठरले ते आपल्या शब्दांत सांगावे. पुढच्या भेटीपर्यंत एकच बदल, तोही त्याने निवडलेला. आजार नीट सांभाळणारे जुने रुग्ण शेजारी बसवले तर नव्यांची भीती लवकर मोडते.

अनुभवी निवृत्त परिचारिका मुंबईत भरपूर आहेत. बोलावणे आले तर आठवड्याची एक सकाळ मी नक्की देईन.

– एक निवृत्त परिचारिका, लालबाग, मुंबई