कथेतले वेड आणि ते मोजणारा

माननीय संपादक,

रविवार पुरवण्यांतून आणि दिवाळी अंकांतून हल्ली 'वेड' आणि 'स्वतःसारखे जगणे' या विषयांवर पुष्कळ कथा येतात. वेडावरच्या बहुतेक एकाच जागी अडखळतात. पहिल्याच परिच्छेदात नायकाचे केस विस्कटलेले, हसणे विचित्र. लेखकाने निकाल आधीच देऊन टाकला, मग वाचकाने ठरवायचे काय?

वेडावरची एक भक्कम कथा पोर्तुगीजमध्ये आहे. गोव्यातल्या जुन्या पिढीला ती मुळातून वाचता येईल. ब्राझीलच्या माशादु द आसिस यांची 'उ आलियेनिश्ता' (१८८२). बाकामार्ते नावाचा डॉक्टर गावात वेड्यांसाठी इस्पितळ काढतो आणि बघता बघता पाचांतले चार गावकरी आत जातात. मग त्याच्या ध्यानात येते, की एवढे सगळे असेच असतील तर असे असणे हाच नियम झाला! तो त्यांना सोडतो आणि उरलेल्या सरळ, नम्र, खरे बोलणाऱ्यांना आत घालतो. शेवटी स्वतःच जातो. आधी आत गेलेल्यांत काही फरक पडलेला नसतो, उलटलेली असते ती व्याख्या. रशियन लेखक चेखवच्या 'वॉर्ड नंबर ६'मध्येही (१८९२) डॉक्टरला वेडा ठरवायला पुरावा कसला, तर तो एका रुग्णाशी तासन्‌तास गप्पा मारतो. त्या गप्पा आपण ऐकलेल्या असतात, म्हणून तो पुरावा आपल्याला टोचतो.

निवेदकच भ्रमात असेल तर काम आणखी नाजूक. रशियन लेखक गोगोलने 'वेड्याची रोजनिशी' या कथेत ते रोजनिशीच्या तारखांवर सोपवले आहे. सुरुवातीला साधा ऑक्टोबर, नोव्हेंबर, आणि मग एकदम '२००० साल, एप्रिल ४३'. त्याला वेड लागले, असे सांगायला मध्ये कोणी येत नाही.

आपल्याकडे तर कथेची सामग्री दाराशीच आहे. डिचोलीतल्या साळ गावी शिमग्यात भार आलेले, म्हणजे अंगात संचार झालेले, गडे रात्री रानात धावतात आणि गाव त्यांना हात जोडते. तोच माणूस पुढच्या आठवड्यात पणजीच्या बसस्थानकावर तसाच धावला तर? माणूस तोच, धावणेही तेच. कथा या दोन रात्रींच्या मधल्या जागेत आहे, आणि तिथे कोणी फारसे जात नाही.

तपशिलांच्या चुका मात्र टाळता येण्याजोग्या आहेत. आजच्या काळातल्या कथेत भावाने सही केली आणि बहीण जन्मभर आत, असे दाखवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या प्रौढ रुग्णाला दाखल करायचे, तर दोघांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते. त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञच हवा, आणि पहिली मुदत फार तर ३० दिवसांची. भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय विजेचा उपचार करायला बंदी आहे, तेव्हा खाटेला बांधून तडफडणारा रुग्ण रंगवायचा तर कथेचा काळ मागे न्यावा. याच कायद्याचे तिसरे कलम कथाकारांनी जरूर वाचावे. समाजाच्या नैतिक, सामाजिक, धार्मिक चौकटीत माणूस बसत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही, असे ते सांगते. दुभंगलेले व्यक्तिमत्त्व म्हणजे स्किझोफ्रेनिया, हा घोळही आता पुरे.

राहिला 'स्वतःसारखे जगणे' हा भाग. त्याचा ठरलेला साचा असा: पुण्या-मुंबईचा नायक नोकरी सोडतो, आसगावात जुने घर भाड्याने घेतो आणि त्याला स्वतःचा शोध लागतो. घरभाडे कुठून येते, पावसाळ्यात कौले कोण शाकारतो, नुस्ते (मासे) आणायला कोण जातो, याचा पत्ता नाही. गोवा म्हणजे जणू इतरांच्या मनाचे आरोग्यधाम! एखाद्या लेखकाने हीच कथा शेजारच्या म्हातारीकडून सांगून पाहावी. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीवर) नुसते बसून राहणाऱ्या या धडधाकट माणसाला ती पिसाच, म्हणजे वेडाच, म्हणेल, आणि तिचे म्हणणे खोडून काढायला कथेला बरेच कष्ट पडतील.

– एक वाचक, म्हापसा